न काढलेली खिडकी

घरात तिला सगळे मोठी म्हणत. ती मोठी म्हणून तिची बहीण धाकटी, एवढंच. धाकटीचेही केस आता पांढरे झाले होते, पण नाव काही बदललं नाही. दोघी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायच्या. धाकटी सकाळी कोपऱ्यावरच्या लाँड्रीत कपडे मोजून घ्यायला जायची आणि दुपारी घरी जेवून पुन्हा जायची. मोठी घरीच असायची, तिच्या कॉम्प्युटरपाशी.

मोठी ड्राफ्ट्समन होती. बाई असूनही हुद्दा ड्राफ्ट्समनच, त्यावर ऑफिसात इतके विनोद झाले होते की शेवटी विनोदच थकले. शहराच्या पाणी खात्यात तिने अख्खी नोकरी टाक्यांचे नकाशे काढण्यात घालवली. जमिनीवरच्या टाक्या, जमिनीखालच्या टाक्या, पंपांच्या खोल्या. सगळं चारी बाजूंनी बंद. रिटायर झाल्यावर ती एका मिस्त्रीला छोट्या घरांचे नकाशे काढून देऊ लागली. ऑफिसने जुना कॉम्प्युटर मोडीत काढला तेव्हा तिने तो मागून घरी आणला होता, आतल्या नकाशांसकट आणि नकाशे काढायच्या प्रोग्रॅमसकट. त्या प्रोग्रॅममध्ये तिने स्वतःच्या सोयीच्या दोन-दोन अक्षरी कमांड बसवल्या होत्या. भिंतीला एक, दाराला एक, जिन्याला एक. बोटं आपसूक चालायची. पानात काय वाढलंय हे न बघता माणूस जेवतो ना, तसं.

कॉम्प्युटर मात्र म्हातारा झाला होता. सुरू करून अंघोळीला जावं, केस पुसत बाहेर यावं, तेव्हा कुठे तो डोळे उघडायचा. आणि उघडले की रोज तेच रडगाणं: ही सिस्टीम जुनी झाली आहे, तिला आता सुरक्षा मिळणार नाही, नवी सिस्टीम टाकायची का? खाली दोन चौकोन, 'आत्ता' आणि 'नंतर'. मोठी कित्येक वर्षं 'नंतर' दाबत आली होती.

धाकटीचा मुलगा एका मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरच सांभाळायचा. तो आला की हटकून हा विषय काढायचा.

"मावशी, ही सिस्टीम म्हणजे कडी नसलेलं दार आहे. कुणीही आत शिरेल."

"शिरू दे. हा सुरू होईपर्यंत कंटाळून निघून जाईल बिचारा."

"हसण्यावारी नेऊ नकोस गं."

"नवी टाकली तर माझा प्रोग्रॅम चालेल का?"

तो नाही चालणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. तिथेच विषय मिटायचा.

एके दिवशी मिस्त्री जिन्याचा नकाशा न्यायला आला. चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणाला, "ताई, त्या गल्लीतल्या घराची मागची खिडकी झकास जमलीय. मालक खूश आहेत."

"कुठली खिडकी?"

"स्वयंपाकघराची. मागच्या भिंतीतली."

मागच्या भिंतीला खिडकी नव्हती. मोठीला ते पक्कं आठवत होतं, कारण ती भिंत कोरी सोडताना तिला जरा वाईट वाटलं होतं. मागे हातभर बोळ आणि पलीकडे दुसऱ्या घराची भिंत, तिथे खिडकी काढून करायचं काय? पण मिस्त्रीला ती तसं काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी साडी बदलून ते घर बघायला गेली.

खिडकी होती. रुंद आणि ठेंगणी, ओट्याच्याही खाली. मोठीने जन्मात इतकी खाली खिडकी काढली नव्हती. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर आपटून उजेड बोळात उतरत होता आणि त्या ठेंगण्या खिडकीतून आत येऊन जमिनीवर पसरत होता. मालकाचे म्हातारे वडील त्या उजेडात स्टूल टाकून बसले होते.

"तुम्हीच ना ती नकाशावाली?" ते म्हणाले. "बरं सुचलं तुम्हाला."

मिस्त्रीने घडी घातलेला नकाशा दाखवला. खाली सही तिचीच होती, काढून झालेला नकाशा ती सही करताना पुन्हा बघत नसे. रेघांची जाडी, मापं लिहायची पद्धत, सगळं तिचंच. फक्त खिडकी तिची नव्हती.

घरी येऊन तिने फाईल उघडली. तिथेही खिडकी होती. मग तिला एक विचार आला आणि तिने ऑफिसच्या काळातले नकाशे उघडायला सुरुवात केली. पहिले काही जसेच्या तसे होते. मग एका पंपाच्या खोलीला नको तिथे दार दिसलं. आणखी एकीला खिडक्यांची ओळ. शेवटी तिने शहराखालची सगळ्यात मोठी टाकी उघडली, जी काढायला तिला एक अख्खा उन्हाळा लागला होता. टाकीच्या तळाशी, जिथे वर सगळं पाणी आणि पलीकडे सगळी माती, तिथे कुणीतरी दार काढलं होतं. साधं, घराला असतं तसं एका झडपेचं. ते पाण्याच्या बाजूला उघडत होतं.

मोठीने खुर्ची मागे सरकवली आणि भर दुपारी खोलीतला दिवा लावला.

भाचा संध्याकाळीच आला. बराच वेळ बघत बसला. "कुणीतरी बाहेरून शिरतंय," तो म्हणाला. "पण विचित्रच आहे. चोरी नाही, नासधूस नाही. नुसती दारं-खिडक्या काढून जातो म्हणजे काय?"

"हुशार आहे पण," मोठी म्हणाली. "ती गल्लीतली खिडकी मला सुचली नसती."

"मावशी, आता तरी सिस्टीम बदलू या."

"आणि माझ्या बोटांचं काय करायचं? या वयात नवीन अक्षरं गिरवू? तू इंटरनेटची वायरच काढून टाक. ना रहेगा बांस."

भाच्याने वायर काढली, गुंडाळी करून खिळ्याला अडकवली. वायफाय त्या कॉम्प्युटरला कधी नव्हतंच. मोठीने टाकीतलं दार खोडलं, पंपाच्या खोल्या पूर्ववत केल्या. आता हा कॉम्प्युटर म्हणजे एकटं बेट, भाचा म्हणाला. मुंगीसुद्धा शिरायची नाही.

त्या आठवड्यात काही झालं नाही. मोठी धाकटीला म्हणालीसुद्धा, "बघ, कडी लावायला सिस्टीम कशाला लागते?"

मग एका दुपारी जेवून, आरामखुर्चीत डुलकी काढून ती उठली आणि कामाला बसली, तर पडद्यावर टाकीचा नकाशा उघडा. तळाशी दार. या वेळी शेजारी दुसरंही. वायर खिळ्याला तशीच गुंडाळलेली होती. मोठीने ती हातात घेऊन पाहिली, दोन्ही टोकं मोकळी होती.

तिने घराची दारं तपासली. पलंगाखाली वाकून पाहिलं, कपाटं उघडली. आपण काय शोधतोय याची तिला लाज वाटली, पण शोधायचं ती थांबली नाही. धाकटी आली तेव्हा मोठी जिन्यात पायरीवर बसलेली होती.

"आत का नाही बसलीस?"

"आत कुणीतरी आहे," मोठी म्हणाली.

धाकटीने दुसऱ्या दिवशी लाँड्रीत सुटी सांगितली. जेवणं झाली, मोठी आरामखुर्चीत पडली आणि धाकटी दाराशी पाटावर बसून खिडकीच्या पडद्याला दुमड घालून शिवू लागली. कुणी आलंच तर तिच्या अंगावरूनच आत जाणार होतं. मोठीला बरं वाटलं. तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा धाकटी तशीच बसलेली होती, पण शिवण जमिनीवर पडलं होतं.

"कोण आलं होतं?" मोठीने विचारलं.

"कुणी नाही."

"मग अशी काय बघतेस?"

धाकटीने शिवण उचलून बाजूला ठेवलं. "मोठी, तू उठलीस. उठून तिथे बसलीस. डोळे उघडे होते तुझे. चांगली भराभर टाईप करत होतीस."

"मी इथेच आहे."

"नंतर परत येऊन बसलीस. मी हाक मारली तेव्हा वळलीस माझ्याकडे." धाकटी थांबली. "गिऱ्हाईकाकडे बघतात तसं बघितलंस. आणि म्हणालीस, 'थांबा जरा, एवढं उघडून घेते.'"

"थांबा म्हणाले? तुला?"

"थांबा म्हणालीस."

जन्मापासून जिला अगं-तुगं केलं तिला मोठी 'थांबा' म्हणाली होती. बाकी कशाहीपेक्षा त्या एका शब्दाला दोघी घाबरल्या. कॉम्प्युटरच्या पडद्यावर टाकीला आता तिसरं दार होतं.

डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले, बरेच प्रश्न विचारले. असं होतं कधी कधी, म्हणाले. माणूस जागा दिसतो पण जागेवर नसतो, सवयीची कामं मात्र बिनचूक करतो. गोळ्या दिल्या, गॅसपाशी एकटीला सोडू नका म्हणून धाकटीला बजावलं. मोठीने एकच विचारलं, "सवयीची कामं करतो ते ठीक आहे. पण जे आपण कधी केलं नाही ते कुठून येतं?" डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी बरं वाटेल.

घरी आल्यावर तिने भाच्याला फोन लावला. "ये आणि नवी सिस्टीम टाक."

भाचा चक्रावला. "अगं पण आता गरजच नाही. बाहेरून कुणी येतच नव्हतं. जुनं तुझं तुला सोयीचं आहे, राहू दे की."

"आता टाकायचीच."

"का पण?"

"तिला जुन्याच कमांड येतात. नव्या येणार नाहीत."

"तिला म्हणजे कुणाला, मावशी?"

मोठीने फोन ठेवला. भाजी निवडणाऱ्या धाकटीने सगळं ऐकलं होतं. "एकदा विचार कर," ती म्हणाली. "तुझं पोट आहे त्या प्रोग्रॅमवर. आणि ती खिडकी तर चांगली होती. तूच सांगितलंस."

"चांगली होती म्हणूनच," मोठी म्हणाली. "वाईट असती तर खोडून विसरले असते. मी जन्मभर इथे बसून टाक्या काढल्या आणि ही झोपेत येऊन माझ्याहून चांगलं काढून जाते. मग जागेपणी बसलेली मी कोण?"

धाकटीने निवडलेल्या भाजीत चुकून देठ टाकले आणि परत वेचत बसली.

रविवारी भाचा आला. नकाशे दुसरीकडे काढून ठेवले, मग मोठीला म्हणाला, "तूच दाब." नेहमीचेच ते दोन चौकोन. मोठीने 'आत्ता' दाबलं आणि तिच्या ओळखीचा पडदा काळा झाला. काळ्यावर एक पांढरी पट्टी हळूहळू लांबत गेली. ती पुरी होईस्तोवर मोठी जागची हलली नाही, जणू कुणाच्या उशाशी बसली होती.

नवा प्रोग्रॅम चित्रांचा होता. भिंतीचं चित्र दाबलं की भिंत, दाराचं दाबलं की दार. लिहायला खाली एक अरुंद पट्टी होती, पण तिला मोठीची अक्षरं कळत नव्हती. मोठी शिकू लागली. एक खोली काढायला सकाळ जायची. मिस्त्री कुरकुरला, पण थांबला. गोळ्यांनी तिला दुपारी जड झोप यायची, आणि उठल्यावर ती जिथे झोपली तिथेच असायची. डॉक्टरांकडे गेल्यापासून दुपारी घरी थांबणारी धाकटी पुन्हा लाँड्रीत पूर्ण वेळ जाऊ लागली.

एका दुपारी मात्र मोठीला जाग आली तेव्हा ती आरामखुर्चीत नव्हती. ती कॉम्प्युटरसमोर बसलेली होती आणि दोन्ही हात कीबोर्डवर होते. पडद्यावरचा कागद कोरा होता. खालची पट्टी मात्र वर ताणली जाऊन अर्धा पडदा व्यापून बसली होती, आणि तिच्यात ओळींमागून ओळी होत्या. तिची ती जुनी दोन अक्षरं, पुढे माप, आणि प्रत्येक ओळीखाली प्रोग्रॅमचं एकच उत्तर: अनोळखी कमांड. भिंत, अनोळखी कमांड. भिंत, अनोळखी कमांड. खिडकी, अनोळखी कमांड. खिडकी. खिडकी. शेवटी शेवटी तर मापंही नव्हती. नुसतं दार, दार, दार, कुणी बाहेरून मुठीने वाजवावं तसं.

मोठीला ती मापं वाचून खोली डोळ्यांपुढे उभी करता आली असती. दोन ओळी वाचून तिने पट्टी मिटून टाकली.

मग तिला दिसलं की सगळंच वाया गेलं नव्हतं. जतन करायची दोन बटणं जुन्या-नव्या सगळ्या प्रोग्रॅममध्ये सारखीच असतात. कोरा कागद नीट जतन केलेला होता. आणि तो पहिला नव्हता. शेजारी तसलेच आणखी होते, मागच्या कित्येक दुपारींचे, सगळे कोरे.

संध्याकाळी धाकटीने विचारलं, "काय गं, झोपलीस का दुपारी?"

"झोपले," मोठी म्हणाली.

डॉक्टरांनी पुढे गोळी वाढवली आणि कागद कमी होत गेले. आधी दोन-तीन दिवसांनी एक, मग आठवड्याने. भाच्याने एकदा कॉम्प्युटर साफ करताना विचारलं, "मावशी, या रिकाम्या फाईली उडवू का? उगाच जागा खातायत." मोठीने चष्मा काढून पुसला, परत लावला.

"राहू देत," ती म्हणाली. "भरलेल्या आहेत त्या."