झल्लाकचे जर्मन कर्नल

उजवा हात पँटच्या खिशात, डाव्या हाताची दोन बोटं मिटलेली आणि उरलेल्या तीन बोटांत चहाचा कागदी कप. "वहिनी, आता याच तीन बोटांनी पक्कड धरा आणि बॉम्बच्या फ्यूजची नळी चेपून दाखवा. दार अर्धवट लोटलेलं, बाहेर एक जण घाई करतोय, आणि तुमचा एक डोळाही गेलेला." एवढं बोलून होईपर्यंत कप कलंडायचा, चहा त्यांच्या सेफ्टी बुटांवर सांडायचा, आणि ते पैज जिंकल्यासारखे म्हणायचे, "बघा. नाही जमत. त्यांनी जमवलं."

हे आमचे कर्नलसाहेब. लष्कराशी त्यांचा संबंध एवढाच, की कॉलेजात एन.सी.सी.च्या पहिल्याच परेडला त्यांना भोवळ आली होती. मूळचे कराडचे, इथे बहरीनमध्ये आमच्या बांधकाम कंपनीत सेफ्टी ऑफिसर. मी त्याच कंपनीत क्वांटिटी सर्व्हेअर, म्हणजे किती काँक्रीट गेलं आणि किती सळई उरली हे बघणारी. कर्नल हे नाव आमच्या स्टोअरच्या इक्बालभाईंनी ठेवलं. दुसऱ्या महायुद्धात आपल्याच हुकूमशहाला उडवायला निघालेल्या जर्मन लष्करी अधिकाऱ्यांवर या माणसाचा इतका जीव, की एखाद्या दिवशी ते घरचा पत्ता विसरतील, पण त्या अधिकाऱ्यांचे हुद्दे विसरणार नाहीत. इक्बालभाई रत्नागिरीचे. रोज सकाळी हेल्मेट देताना विचारायचे, "काय ओ साहेब, तुमचा जर्मन आज तरी वाचणार काय?"

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. कोणाला क्रिकेटचं वेड, कोणाला किल्ल्यांचं. यांना जर्मनांचं, आणि तेही हरलेल्या जर्मनांचं. शुक्रवारी आम्ही दोन्ही कुटुंबं गुदैबियातल्या खानावळीत जेवायला जायचो. थाळी यायचा अवकाश, की थाळीची लष्करी बैठकीची खोली व्हायची, ताकाचा पेला म्हणजे टेबलाचा जाडजूड पाय आणि लिंबाची फोड म्हणजे बॉम्बची बॅग. "त्या तीन बोटांच्या कर्नलनी बॅग इथं ठेवली आणि फोनचं निमित्त करून बाहेर पडले. हुकूमशहा हा इथं, अगदी जवळ. पण दुसऱ्या एका अधिकाऱ्याच्या पायात ती बॅग यायला लागली. त्यानं काय केलं? सरकवली." लिंबू पेल्याच्या पलीकडे जायचं. "टेबलाच्या पायानं स्फोट झेलला. माणूस वाचला." बारावीतली त्यांची मुलगी डोळे फिरवून म्हणायची, "बाबा, प्लीज, जस्ट ईट." तोवर वेटरनं लिंबू उचलून नेलेलं असायचं.

मी भांडायची. माझा स्वभावच तो. "जिंकत होते तेव्हा कुठे होते हो तुमचे कर्नल?" मला वाटलं होतं चिडतील. ते पुढे सरकून म्हणाले, "त्याच्याच बाजूला होते. पदकं घेत होते. काहींचे हात तर चांगलेच बरबटलेले. आणि जाग आली तीही उशिरा. संत असते तर लांबून नमस्कार करून मोकळा झालो असतो मी. पण ही नोकरी करणारी माणसं होती वहिनी. वरून हुकूम आला की टाच जुळवणारी. त्यांना शपथ मोडायची होती. आपण नुसती ऑफर लेटरवर सही केलीय तरी आपल्याच्यानं नाही मोडवत."

त्यांचे डोळे खरे चमकायचे ते पुढच्या भागाला. संकट आलं तर राखीव फौजेनं राजधानीत काय करायचं, याचा एक सरकारी आराखडा होता. खुद्द हुकूमशहानं मंजूर केलेला. या अधिकाऱ्यांनी त्यातच थोडे बदल केले आणि त्याचंच सरकार ताब्यात घ्यायला तोच आराखडा वापरायचं ठरवलं. "म्हणजे मालकाच्याच किल्लीनं मालकाचं कुलूप," असं म्हणून ते टेबलावर थाप मारायचे. मग फसलं का, तर स्फोटानंतर बाकीचे बरेच अधिकारी तळ्यात-मळ्यात करत बसले. तो मेला का जिवंत आहे ते कळू दे, मग ठरवू. हे सांगताना त्यांचा आवाज उतरायचा आणि ते भातावर डाळ ओतायचे.

आता एवढं ऐकून तुम्हाला वाटेल, माणूस ऑफिसात वाघ असेल. छे. मॅनेजरसमोर आमचे कर्नल म्हणजे ‘यस सर, नोटेड सर’. मी मागून चिडवायची, बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात.

झल्लाकला समुद्राकाठच्या एका रिसॉर्टचं आमचं काम चालू होतं तेव्हाची गोष्ट. इथे उन्हाळ्यात भर दुपारी, बारा ते चार, उघड्यावर काम करायला सरकारी बंदी असते. बाराला भोंगा वाजवून माणसं खाली उतरवायची हे कर्नलसाहेबांचं काम. त्या वर्षी उद्घाटनाची तारीख डोक्यावर आलेली आणि वरचा स्लॅब अजून अर्धा. आमचा प्रोजेक्ट मॅनेजर पुण्याचा, आवाज कधी चढवायचा नाही. त्यानं स्लॅबवर हिरवी जाळी ताणली आणि म्हणाला, "डोक्यावर छत आहे, म्हणजे काम आतलं. उद्घाटनापर्यंत भोंगा बंद ठेवा." आणि भोंग्याची किल्ली आपल्या खिशात टाकली.

जाळीखाली ऊन कमी लागत होतं असं मुळीच नाही. वाराच तेवढा अडत होता. दुसऱ्याच दुपारी सुतारांचा फोरमन राजय्या हातात हातोडा असतानाच कोसळला. निजामाबादचा दणकट माणूस, शटरिंगच्या फळ्यांच्या कडेला अडकला म्हणून वाचला. त्याच्या तोंडावर पाणी मारून, मीठ-साखरेचं पाणी पाजून कर्नलसाहेब तडक केबिनमध्ये गेले. आम्ही पार्टिशनच्या अलीकडे कान देऊन बसलो होतो. आतून मॅनेजरचा मऊ आवाज आला, "अहो, उन्हाला घाबरून चाललं असतं तर बहरीन उभंच राहिलं नसतं. तुमचं काँट्रॅक्ट रिन्यूअल याच महिन्यात आहे ना?" मग कर्नलसाहेबांचा आवाज. "यस सर."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "काय, आज जर्मन रजेवर?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, मुलीची बारावी आहे. मी गेलो तर घर मोडतं." माझ्याही घरात तेच गणित होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले तेच वेगळे. चालण्यात एक घाई, आणि गालातल्या गालात काहीतरी दाबल्यासारखं. सरकारी खात्याकडे तक्रार करून आलो म्हणाले. पण ती मार्गी लागेपर्यंत माणसं वरच राहणार होती. मग त्यांनी फाटकाजवळ एक नोटीस चिकटवली. हवा फार गरम असल्यामुळे आणीबाणीत जमायची जागा बदलून तयार झालेल्या बँक्वेट हॉलमध्ये केली आहे. त्या हॉलमध्ये एसीची चाचणी चालू होती. खाली आमच्या आणीबाणीच्या नियमांचा हवाला, आणि ते नियम मॅनेजरच्याच सहीचे. कोणी लक्ष दिलं नाही. माझ्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

बारा वाजले आणि आगीची घंटा सुरू झाली. भोंग्याची किल्ली मॅनेजरकडे होती, पण आगीच्या घंटेला किल्ली नसते. कर्नलसाहेब हातातल्या कर्ण्यातून ओरडत होते, "ड्रिल है, ड्रिल! सब नीचे! यल्ला, यल्ला!" माणसं हत्यारं टाकून शिडीवरून उतरायला लागली, आणि तेव्हा कुठे मला उमगलं. ड्रिल कधी घ्यायची हे सेफ्टी ऑफिसर ठरवतो, आधी कोणाला सांगायचं नसतं, आणि साइटवरचा प्रत्येक माणूस जमल्याशिवाय ती संपत नाही. हे सगळं मॅनेजरनं सही करून मंजूर केलेलं होतं. मी इतकी हरखले, की हातातलं पेन खाली पडलं ते उचललंच नाही.

मॅनेजरलाही उमगायला वेळ लागला नाही. तो आमच्या केबिनच्या दारात येऊन उभा राहिला. "ऑफिस स्टाफला ड्रिल लागू नाही. बसा सगळे." खिडकीतून हॉलचं काचेचं दार दिसत होतं. आत माणसं बसली होती, पण त्यांची नजर आमच्याकडे होती. साहेबलोक आले नाहीत तर हे नाटक आहे, आणि नाटकात सापडलेल्या मजुराचा पगार कापला जातो, हे त्यांना पक्कं ठाऊक. दोघं-तिघं उठून परत निघालेही होते. कर्नलसाहेब दारात उभे राहून हजेरी घेत होते, जमेल तितकी सावकाश.

आम्ही एकमेकांकडे बघत होतो. अकाउंट्सवाला माझ्याकडे, मी ड्राफ्ट्समनकडे, ड्राफ्ट्समन छताकडे. तळ्यात-मळ्यात. मग मी पर्स उचलली आणि दाराकडे निघाले. "मॅडम, मी काय सांगितलं?" मॅनेजर म्हणाला. मी म्हटलं, "सर, आग लागते तेव्हा ऑफिस स्टाफ वगळून लागत नाही. जरा सरका." तो सरकला. खरंच सरकला. मागे खुर्च्या ओढल्याचे आवाज आले, आणि आम्ही सगळे त्या पांढऱ्या उन्हातून हॉलकडे जवळजवळ पळतच गेलो. परत निघालेली माणसं आम्हाला बघून पुन्हा खाली बसली.

आता साइटवर एकच माणूस हजर नव्हता, तो म्हणजे मॅनेजर. तो केबिनमध्ये बसून राहिला, आणि तो बाहेर येत नाही तोवर नियमाप्रमाणे ड्रिल संपत नव्हती. कर्नलसाहेबांनी इक्बालभाईंना रीतसर शोधपथक म्हणून पाठवलं, स्ट्रेचर देऊन. इक्बालभाई दारावर टकटक करून अदबीनं म्हणाले, "साहेब, तुम्ही हरवलात म्हणतात. न्यायला आलोय." आतून जे ऐकायला मिळालं ते त्यांनी आम्हाला कधीच पूर्ण सांगितलं नाही. रिकामं स्ट्रेचर घेऊन परत आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं होतं.

मग त्या गार हॉलमध्ये चार वाजेपर्यंत काय करायचं? कर्नलसाहेबांनी पाण्याच्या बाटल्या मांडल्या, एक टेबलाचा पाय, एक बॅग. मी कपाळावर हात मारून घेतला. पण सांगते, तशी गोष्ट त्यांनी आम्हाला कधी सांगितली नव्हती. मोडक्या हिंदीत, तीन बोटं वर करून, हॉलभर फिरत. बिहारचे, तेलंगणाचे, बांगलादेशचे लोक मांडी घालून ऐकत होते. बॅग सरकली तेव्हा सगळा हॉल हळहळला.

"फिर क्या हुआ साब?" राजय्यानं विचारलं.

"पकडे गये."

"छोड दिया?"

"नहीं. मार डाला."

राजय्या म्हणाला, "मालूम था उनको?" कर्नलसाहेब खाली बसत म्हणाले, "मालूम था." मग त्यांनी समोरचीच बाटली उघडली आणि ते घटाघट पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर त्यांचं कार्ड चाललं नाही. कागद हातात दिला, खलास. त्यांची बायको इथल्या एका शाळेत शिक्षिका आहे, म्हणून ती आणि मुलगी परीक्षेपर्यंत राहिल्या, मोठा फ्लॅट सोडून एका खोलीत. ते एकटेच कराडला गेले. मुलगी जाण्याच्या दिवसापर्यंत त्यांच्याशी धड बोलली नाही. घर मोडलंच ते. शुक्रवारी त्या दोघींना मी झिंज भागातल्या माझ्या घरी जेवायला बोलवायची. पोरीला कोणी जर्मनांचं सांगायचं नाही, तरी ती पानावरून लवकर उठायची.

पण मला सांगायचं आहे ते कार्ड न चालल्याच्या त्याच दिवसाचं. बारा वाजत आले होते. भोंगा बंद, ड्रिल घेणारा माणूस घरी. मॅनेजर स्वतः कोरं हेल्मेट घालून स्लॅबवर उभा. मी खिडकीशी. बारा वाजले आणि राजय्यानं हातोडा खाली ठेवला. कोणाशी बोलला नाही, नुसता शिडीकडे गेला. त्याच्यामागून दुसरा, मग तिसरा, मग रांगच लागली. मॅनेजरचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. "किसने बोला? घंटी किसने बजायी?"

शिडीच्या मधल्या पायरीवरून राजय्या म्हणाला, "घंटी नहीं बजी साब. बारा बजा."

मी धावत हॉलमध्ये गेले आणि तिथूनच कर्नलसाहेबांना फोन लावला. पलीकडे खोक्यांवर चिकटपट्टी ओढल्याचा आवाज येत होता. त्यांनी घाबरून विचारलं, "कोण पडलं?"

"कोणी नाही. सगळे खाली आलेत. आपणहून."

चिकटपट्टीचा आवाज थांबला. ते म्हणाले, "पाणी ठेवलंय?"

"ठेवलंय."

"गार?"

"गार आहे."

"वहिनी, फोन ठेवू नका. तसाच चालू राहू दे."

मी फोन चटईवर ठेवला. भोवती डबे उघडत होते, कोणी लोणचं मागत होतं, भिंतीशी एक जण लगेच घोरायला लागला होता. मध्ये एकदा मी फोन कानाला लावून पाहिला. बोलत नव्हते, पण होते. मी तो पुन्हा राजय्याच्या डब्याशेजारी ठेवून दिला.