टाच दाखवून निवडलेलं कॉलेज

त्या घरात मेडिकल कॉलेज कुणी निवडत नसे. नाकासारखं ते वारशानेच मिळायचं. आजोबा, बाबा, दादा, सगळे त्याच मोठ्या कॉलेजचे. शेंडेफळालाही तिथे सहज प्रवेश मिळेल असे गुण पडले, तेव्हा आत्याने काही न विचारता थेट अभिनंदनच करून टाकलं.

शेंडेफळ मात्र हट्टी. "चप्पलसुद्धा आपण घालून बघतो," ती म्हणाली, "आणि कॉलेज न बघताच घ्यायचं?"

तिच्या टाचेला कुरूप झालं होतं, खरंखुरं, ठणकणारं. घरात डॉक्टरांना तोटा नव्हता, पण दिव्याखाली अंधार. बाबा रोज "बघू रविवारी" म्हणायचे. शेवटी तिने ते कुरूप घेऊन कॉलेजांच्या दवाखान्यांत रांगा लावल्या. कुणाची कोण, हे कुठेही सांगितलं नाही.

मोठ्या कॉलेजात तिच्याभोवती विद्यार्थ्यांचं कोंडाळं जमलं. सरांनी टाचेवर प्रश्न विचारले, हुशार पोरांनी फटाफट उत्तरं दिली आणि सगळा लवाजमा पुढच्या पेशंटकडे सरकला. दुखतं का, हे एकानेही विचारलं नाही. तिला असा संताप आला!

दुसरं कॉलेज लांबच्या गावी, बसच्या अगदी शेवटच्या स्टॉपला, भिंतींचा रंग उडालेला. तिथे एका शिकाऊ पोराने पडदा न ओढताच तिचा पाय धरला, तशा सिस्टर कडाडल्या, "पडदा कोण ओढणार? तुमचे तीर्थरूप?"

पोरगा ओशाळला. माफी मागितली ती सिस्टरांची नव्हे, हिची. पडदा ओढून तो स्टुलावर बसला. "मी अजून शिकतोय. दुखलं तर ओरडा."

त्याने दाबलं, ही ओरडली, वर त्याला लाथही बसली. "म्हणजे बरोब्बर इथंच आहे," तो गुडघा चोळत म्हणाला.

घरी येऊन तिने तेच कॉलेज पहिल्या पसंतीला भरलं, आणि मग सांगितलं.

बाबांचा पारा चढला. "कुरूप दाखवून कॉलेज निवडतं का कुणी? आपल्या दवाखान्यातली खुर्ची मग दादाचीच, समजलं?"

"द्या त्याला. तुमच्या कॉलेजात सगळ्यांनी माझी टाच पाहिली बाबा, मला कुणीच पाहिलं नाही. मला तसली डॉक्टर नाही व्हायचं."

"म्हणजे मी तसला?"

"तुम्ही तर टाचही पाहिली नाहीत."

त्यानंतर बाबांनी अबोला धरला. आई म्हणाली, "माफी माग, मोठे आहेत ते." ती म्हणाली, "चुकले असते तर मागितली असती."

निघायच्या दिवशी बाबा वर्तमानपत्राआडून बोलले, "नापास झालीस तर इकडे फिरकू नकोस."

"पास झाले तर येऊ ना?" तिने विचारलं. बाबांनी पान उलटलं. तिने स्वतःची ट्रंक स्वतःच उचलली.

बस सुटल्यावर ती ढसाढसा रडली. कंडक्टरने घाबरून विचारलं, "ताई, बस थांबवू का?"

"नाही," ती नाक पुसत म्हणाली, "शेवटच्या स्टॉपचं तिकीट द्या."