दामूकाकांची जागा

गाडी उभी असताना दामूकाका कधीही गाडीत बसत नसत. प्रत्येक स्टेशनावर ते पाण्याची कॅनव्हासची छागल घेऊन खाली उतरायचे, नळावर ती भरायचे आणि मग ओळखीचा कोणी दिसला की कापसाच्या भावावर बोलत उभे राहायचे. गार्डाची शिट्टी झाली, झेंडा हलला, तरी जागचे ढळायचे नाहीत. अर्धा फलाट मागे पडला की मग छागल खांद्याला, धोतराचा सोगा दातांत, अशा थाटात धावत येऊन दांडा पकडायचे. डब्यातली माणसं हात देऊन त्यांना आत ओढायची. आत आले की घाम पुसत म्हणायचे, "काऊन घाबरता? आपल्याले सोडून गाडी जाते कुठी?"

सगळा डबा हसायचा. मला मात्र संताप यायचा, आणि आज काका नाहीत तरी तो येतो. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी वाईट बोलत नाही, झालं ते सांगते आहे.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. पुलगावला गिरणीच्या फाटकासमोर त्यांचं किराणा दुकान होतं. माणूस जिवाला जीव देणारा, गिऱ्हाइकाला कधी रिकाम्या हाताने न पाठवणारा. पण घड्याळाशी त्यांचं जन्माचं वैर. "हाय ना टाइम!" हे त्यांचं एकच उत्तर, प्रश्न कोणताही असो. स्वतःच्या लग्नालासुद्धा ते मुहूर्त टळल्यावर पोचले होते. सासर नाचणगावचं, म्हणजे पुलगावला चिकटलेलं, चालत गेलं तरी चप्पल झिजू नये इतकं जवळ. सासरे अक्षता हातात घेऊन ताटकळले, आणि नवरदेव वाटेत कुणाच्या तरी बैलाचे दात पाहत उभे! ही गोष्ट घरात कौतुकाने सांगितली जायची. कौतुकाने!

त्या मांडवात पाटावर जी वाट पाहत बसली, ती शांताकाकू. पुढे जन्मभर तिने तेच केलं. कुठे जायचं असलं की पिशव्या घेऊन काकू गाडीच्या कितीतरी आधी स्टेशनावर. गर्दीत घुसून दोन जागा धरायची, एकीवर आपण बसायची आणि दुसरीवर काकांचा टॉवेल टाकायची. त्या टॉवेलावरून तिने किती लोकांशी भांडणं केली असतील! आणि काका शेवटी येऊन त्या जागेवर ऐसपैस बसायचे, वर म्हणायचे, "पाह्य, भेटली ना जागा? उगाच घाई करतं तू."

काकूला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. एका वर्षी एका कापूस-व्यापाऱ्याने दिलेल्या कॅलेंडरावर पांढऱ्या आगबोटीचं चित्र होतं. वर्ष संपलं तसे तिने महिने फाडून टाकले, बोट मात्र स्वयंपाकघरात तशीच ठेवली. वर्धा नदीपेक्षा मोठं पाणी तिने पाहिलं नव्हतं. फोडणी देता देता ती त्या चित्राकडे बघून म्हणायची, "एक डाव हिच्यात बसाचं हाय. दोघायनं मिळून." काका दुकानातून ओरडायचे, "नेतो ना! हाय ना टाइम!"

असं करत दोघांच्या डोक्यावरचे केस पांढरे झाले. शेवटी एका उन्हाळ्यात काकांनी मुंबईहून सुटणाऱ्या गोव्याच्या बोटीचं जाहीर केलं. मी तेव्हा वर्ध्याला कॉलेजात होते, मलाही सोबत नेणार होते. कधी जायचं? तर मृग लागून ऊन उतरलं की. आमच्याकडचा माणूस असाच विचार करणार. मे महिन्यात आम्ही ओला पंचा डोक्यावर घेऊनसुद्धा दाराबाहेर पडत नाही, आणि शाळाही जून सरता सरता उघडतात. मग प्रवासाला जूनएवढा चांगला महिना कोणता?

गावातल्या लष्करी डेपोत बदलून आलेल्या एका कोकणातल्या कारकुनाची बायको दुकानात साखर घ्यायला आली होती. तिला हा बेत कळला तेव्हा तिने कपाळाला हात लावला. "अहो काकू, जूनमध्ये कसली बोट? पावसाळ्यात समुद्र खवळतो, बोटी बंद असतात. मे संपला की मग गणपतीनंतरच!"

मे संपत आलाच होता. काकूने हातातलं पीठ झटकलं आणि पेटी खाली काढली. "आजच निंघाचं," ती म्हणाली. काका म्हणाले, "अवं, पण..." काकूने त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. तिला इतक्या मोठ्या आवाजात बोलताना मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं. "तुमचा टाइम माह्या जिंदगीले पुरला नाई. मी चालली टेशनावर. याचं तं या."

काका आले, अर्थात धावत्या गाडीत.

मुंबईला तिकिटाच्या खिडकीवर कळलं की हंगामातली शेवटची बोट उद्या सकाळी आहे. खिडकीतला माणूस म्हणाला, "एवढ्या उशिरा कोण येतं हो? बरं, सध्या तिकडून येणारेच जास्त आहेत, म्हणून डेकची तिकिटं शिल्लक आहेत." काकांनी तिकिटं हातात घेतली आणि आमच्याकडे अशा नजरेने पाहिलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "भेटली का नाई? आन् तुमी उगाच घाबरून राह्यले होते!"

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर ही झुंबड. काकू पुढे घुसली. डेकवर कठड्याजवळची जागा तिने गाठली, सतरंजी अंथरली, शेजारी काकांचा टॉवेल टाकला. काका आले, बसले, चक्क वेळेवर बसले. काकूचा चेहरा असा उजळला होता की मी माझा सगळा राग सोडून द्यायला तयार झाले. तेवढ्यात काकांनी छागल हलवून पाहिली.

"पाणी कमी हाय. भरून आणतो."

"बोटीत नळ हाय म्हंते ना," काकू म्हणाली.

"समुद्रातला नळ तो, खारंच पाणी देईन. हा गेलो आन् हा आलो. हाय ना टाइम!"

पुढचं काय सांगू? भोंगा झाला. शिडी काढली. काका नळापाशी कुणाशी तरी बोलत होते. दुसरा भोंगा झाल्यावर त्यांनी मान वर केली, छागल खांद्याला अडकवली, सोगा दातांत धरला आणि धावत सुटले. बोट हळूच सरकत होती, पुलगावच्या पॅसेंजरपेक्षाही हळू. काका बोटीच्या बरोबरीने धावत होते, हात पुढे करून, दांडा शोधत. मग धक्का संपला. मध्ये पाणी होतं, आणि ते रुंद होत गेलं. लोक हसले. मी कठड्यावरून काय काय ओरडले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

काकू ओरडली नाही. ती काकांकडे बघत राहिली, ते दिसेनासे झाले तरी. मग येऊन सतरंजीवर बसली. दिवसभर डेकवरून माणसं जागा शोधत फिरत होती. एक गृहस्थ टॉवेल बघून म्हणाले, "इथे कोणी आहे का?"

"हाय. आमचे हे."

"कुठे आहेत?"

"येऊन राह्यले," काकू म्हणाली.

मी तो टॉवेल उचलायला गेले तर तिने माझा हात धरला. सूर्य पाण्यात बुडताना तिने पाहिला, किनाऱ्यावरचे माड पाहिले, प्रत्येक बंदरात होड्यांतून चढणारी-उतरणारी माणसं पाहिली. खूप आवडलं तिला. पण दर वेळी काही नवीन दिसलं की तिची मान आधी त्या टॉवेलाकडे वळायची. त्या माणसाला मी कशी माफ करू?

सकाळी पणजीच्या धक्क्यावर काका उभे! मिळेल त्या एस.टी.त उभ्याने आले होते. डोळे लाल, धोतर मळलेलं, खांद्याला भरलेली छागल. "पाह्य, तुमच्या आंधी आलो," म्हणाले. काकूने छागल घेतली, घोटभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "गार हाय." बस्स. एवढ्यावर तिने सोडलं त्यांना! परत येताना बोट नव्हतीच, एस.टी.नेच आलो. वाटेत काका म्हणाले, "पुढच्या साली दोघंच जाऊ."

पुढच्या साली दुकानाच्या छपराचं काम निघालं. त्याच्या पुढच्या साली माझ्या भावाचं लग्न. मग एका हिवाळ्यात काकू चार दिवसांच्या तापाने गेली. कॅलेंडरावरची बोट धुराने काळी पडली होती, ती कुणीतरी आवरताना काढून टाकली.

काकू गेल्यानंतर मी एकदा माहेरी येऊन परत निघाले होते. सवयीने लवकरच पुलगाव स्टेशनावर पोचले. फलाट रिकामा होता. बाकावर एकटे दामूकाका बसले होते, वर्ध्याला कुणाच्या तरी बारशाला निघालेले. गाडीला तासभर अवकाश होता. छागल भरलेली, आणि शेजारी टॉवेल पसरलेला. मला इतका राग आला की पाया पडायचंही मी विसरले.

"काका, आता काऊन इतक्या लवकर? जन्मभर तिले ताटकळत ठेवलं, आन् आता तुमाले टाइम समजला?"

काकांनी टॉवेलाची सुरकुती हाताने सारखी केली आणि म्हणाले, "तवा ती जाये ना आंधी, जागा धराले. म्हून माह्यापाशी टाइम राहे, पोरी. तो तिचाच होता."

मी पिशवी खाली ठेवली. बसायला जागा करून द्यावी म्हणून काका सरकले, पण टॉवेल त्यांनी उचलला नाही. मी टॉवेलाच्या पलीकडे बसले, आणि आम्ही गाडीची वाट पाहू लागलो.