हजेरी संपेपर्यंत

नेरची प्रेरणा काय काम करते, हे तिच्या आईला अजून कुणाला नीट सांगता येत नाही. संगणकाच्या आतल्या भागांना कामाला लावणारा प्रोग्राम असतो, ड्रायव्हर. तो ती घरी बसून लिहिते, एका मोफत प्रणालीसाठी.

कापूस वेचणीच्या दिवसांत पडद्याच्या ड्रायव्हरची नव्यानं मांडणी करायचं काम तिच्याकडे आलं. तिनं केलेली मांडणी घरच्या संगणकावर छान चालली. पण पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या जुन्या कार्डांसाठीच्या ओळी शुक्रवारपर्यंत तिच्यात बसल्या नाहीत तर काढून टाकू, असं वरिष्ठांनी कळवलं. तसली यंत्रं आता वापरतं कोण, असंही विचारलं.

वापरणारे प्रेरणाला ठाऊक होते. महागावजवळच्या तांड्यावर शीलाताईचा टायपिंगचा वर्ग होता. मामाकडे राहून प्रेरणाही तिथंच शिकली होती. अकरा जुने संगणक, अकरा मुली. महिन्याभरानं परीक्षा, आणि तिच्या सरावाला प्रणालीची नवी आवृत्तीच लागणार होती.

बुधवारी दोन एसट्या बदलून ती तांड्यावर पोचली. एका संगणकावर नवा ड्रायव्हर चढवला. पडदा काळाच राहिला. पुन्हा केलं, पुन्हा काळा. परीक्षा बुडते का, असं ममता नावाच्या मुलीनं हळूच विचारलं.

वर्गाची वेळ झाली. शीलाताईनं जुन्याच ड्रायव्हरवरचे उरलेले दहा संगणक सुरू करायला लावले आणि हजेरी घेऊ लागली. सातव्या नावाला दहाही पडदे उजळले.

"ताई, हजेरी नेहमी संगणक सुरू केल्यावरच काहून घेता?"

"त्यायले जागं व्हाले वेळ लागते. तवर पोरी गोंधळ करतात. तू कायले एवढी घाई करून राह्यली?"

प्रेरणानं ड्रायव्हरच्या ओळी पुन्हा उघडल्या. मांडणी करताना, कार्ड जागं होईपर्यंत थांबायला सांगणारी एक ओळ तिनं निरुपयोगी समजून काढली होती. नव्या कार्डांना ती नकोच होती. जुन्यांचं तिच्यावाचून चालत नव्हतं. फक्त जुन्यांसाठी तिनं ती परत ठेवली.

तो संगणक पुन्हा सुरू करताच शीलाताईनं मुद्दाम पुन्हा हजेरी घेतली. एवढ्यात कोण पळून जाणार, असं ममता पुटपुटली. सातव्या नावाला अकरावा पडदा उजळला. प्रेरणानं तिथूनच बदल वरिष्ठांना पाठवायला घेतला.

बदलासोबत तपासणाऱ्याचं नाव पाठवतात. तिनं शीला राठोड लिहिलं, आणि पुढे तांड्याचं नाव.

शुक्रवारी दुपारी उत्तर आलं: ओळी राहतील. प्रेरणानं लगेच शीलाताईला फोन लावला. तिकडं हजेरी सुरू होती. ती संपेपर्यंत प्रेरणा फोन कानाला लावून थांबली.