माझ्या कानाचे छायाचित्र

आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर माझ्या उजव्या कानाचे छायाचित्र अजून फिरते आहे. पडदाभर पसरलेला, पांढऱ्या केसांचा कान आणि खाली पुतण्याने, निखिलने, लिहिलेली ओळ: 'मोठ्या काकांचा पहिला व्हिडिओ कॉल!' त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. म्हाताऱ्याला फोन कुठे धरावा ते कळले नाही, ही आता सर्वमान्य हकिकत झाली आहे.

ती खोटी आहे. पलीकडे इस्पितळात माझा धाकटा भाऊ होता आणि त्याचा आवाज पार खोल गेला होता. पडद्यावर ओठ हलताना दिसत होते. मला शब्द हवे होते. म्हणून मी जाणूनबुजून फोन कानाला लावला. त्याच्या उशाशी फोन धरून निखिलच उभा होता, परंतु तो माझा कान पाहून हसत होता.

ज्याला सारे काही दाखवायचे असते, त्याला ऐकायला सवड उरत नाही. चेहरा साऱ्या जगापुढे धरता येतो. कान मात्र एका वेळी एकाच माणसाला देता येतो.

भाऊ दुसऱ्या दिवशी गेला. तेराव्याला निखिल माझ्याजवळ येऊन बसला.

"मोठे काका, बाबा तेव्हा माझं नाव घेत होते का हो? काय म्हणाले?"

घेत होता. जे बोलला ते सारे निखिलसाठीच होते.

"तू तिथेच होतास की," मी म्हणालो. "फोटो काढलास ना? त्यात बघ."

तो रडू लागला. मी उठून पंगतीत बसलो आणि गोडाचे पोटभर जेवलो.