माथेरान दिसणारा कॅमेरा

दोन हातांच्या अंतरावर बसणाऱ्या माणसाचा फोटो काढायला मी तीस पट झूमचा कॅमेरा विकत घेतला.

तो माणूस म्हणजे कशेळ्याजवळच्या गावातले माझे रामामामा. साप हाताने उचलून बांधापलीकडे टाकणारे मामा फोटो म्हटला की डोळे गच्च मिटत. लग्नाच्या फोटोतही मिटलेलेच. मी खिशातून मोबाइल काढला, तरी पापण्या फडफडायला लागायच्या. "मी उघडतोय रं, तेच मिटतात. मी काय करू?"

मामांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा मामीने मला पडवीत गाठलं. "ह्यांचा डोळं उघडं असलेला एक फोटो काढ, बाबा. घरात एक बी नाय. उद्या काय कमी-जास्त झालं तर…"

त्या दिवसापासून मी कॅमेऱ्यांची तुलना करत सुटलो. मेगापिक्सेल, फोकस, बॅटरी. तेवढा वेळ ऑपरेशन डोक्यात येत नसे.

कर्जतला मामांची औषधं घ्यायला गेलो, तेव्हा त्यांना घेऊनच कॅमेऱ्याच्या दुकानात शिरलो. निवडून निवडून दोन उरले. एकात समोरच्याने डोळे मिटले की पडद्यावर सूचना येई. दुसऱ्यात झूम. कुठला घ्यायचा हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मामांनी दुसरा उचलला. "यातून माथेरान दिसतं काय हो?"

"काका, माथेरानवरचा घोडा दिसतो!" दुकानदार म्हणाला.

मामा कितीतरी दिवसांनी हसले. मी तोच घेतला.

मुंबईला निघायच्या सकाळी जीप दारात येऊन उभी. मामा पडवीत, समोर मी. बटण दाबलं की डोळे बंद. पुन्हा दाबलं, पुन्हा बंद. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, मामी दाराआडून बघतेय, घामाने कॅमेरा हातातून निसटतोय. शेवटी झूम आठवला. मी उठलो आणि बांधावरून पळत शेताच्या पार टोकाला गेलो.

वळून कॅमेरा डोळ्याला लावला. मामा अंगणात येऊन, हातवारे करत मला शोधत होते. "जीप खोळंबलीय आन् तू कुठं उंडारतोस रं, गाढवा?"

मी बटण दाबलं.

मामा परत आले नाहीत. तो फोटो आता पडवीत आहे, हार घातलेला. डोळे टक्क उघडे, तोंडात अर्धा 'गाढवा'. परवा त्यासमोर उभा राहून मी डोळे पुसत होतो, तर मामी मागून म्हणाली, "रडतोस काय? जन्मभर फोटोत मिटलेलं डोळं उघडलं, ते बी एक गाढव बघायला!"