पेवाच्या तोंडाशी चार शहाणे

किस्से गोळा करायला मला कधी पिशवी घेऊन हिंडावं लागलं नाही. वाचनालयाच्या कट्ट्यावर चार म्हातारी माणसं बसवायची, मधे एक शब्द टाकायचा आणि बघत बसायचं. कोंबड्यांपुढं दाणे टाकले तरी इतका कालवा होत नाही!

आमचा कट्टा सांगलीजवळचा. साताऱ्याहून रिटायर होऊन आलेले मराठीचे सर, एसटीतले कंडक्टर बापू, हळदवाल्या रझियाभाभी आणि मी. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं रद्दीतली पुस्तकं वाचून मीच शिकले, त्यामुळं कुणाच्या बापाला भीत नाही.

भाभींच्या परसात पेव आहे. जमिनीच्या पोटात दोन-तीन पुरुष खोल, तोंड चिंचोळं, आत ऐसपैस. वरून मातीनं बंद केलं की हळद वर्षानुवर्षं टिकते. आसपासची पेवं पुरानं खाल्ली, हे एक उरलं. तेही भाभींचा पोरगा सलीम मुरूम टाकून बुजवायला निघाला. का? तर लग्नाच्या हॉलला पार्किंग पाहिजे! भाभींना अन्न गोड लागेना.

सर म्हणाले, "शब्दाचं मूळ शोधू. ते प्राचीन निघालं की पेव वाचलंच!"

\*

झालं! सर म्हणाले, "संस्कृत!"

बापू म्हणाले, "कन्नड! माझी सासुरवाडी अथणीची हाय, मला नका शिकवू."

पुरावा म्हणून बापूंनी सासूला फोन लावला. स्पीकरवर! म्हातारी खणखणीत आवाजात म्हणाली, "पेव? आवं, ते तुमच्या मराठीतलं हाय की!"

बापूंनी फोन खिशात घातला. "रेंज न्हाई."

\*

मग मी माझा जाडजूड कोश उघडला. 'धान्य साठवण्याचा जमिनीतला खड्डा.'

भाभी उसळल्या. "खड्डा? खड्डा रस्त्यावर असतो! त्यात हळद ठिवून दावा म्हणावं त्या लिवणाऱ्याला!"

कोश मी मिटला. बाई खरं बोलत होती.

\*

सर शाळेत भाषणाला गेले. पोरांना सोपं करून सांगायची हौस भारी. म्हणाले, "पेव म्हणजे एक प्रकारचं बेसमेंट."

तो व्हिडिओ संध्याकाळपर्यंत सलीमच्या मोबाइलवर. "अम्मी, सरच म्हणाले बेसमेंट! बेसमेंटात गाड्याच लावत्यात!"

सर दोन दिवस कट्ट्याकडं फिरकले नाहीत. कट्ट्याला तेवढी शांतता पुन्हा लाभली नाही.

\*

पेवात सलीमच्या बापानं ठेवलेली हळद होती. ती आधी काढायची, मग मुरूम ओतायचा, असा बेत. पण पेव उघडलं की लगेच उतरत नाहीत. आतली कोंडलेली हवा माणूस मारते. ती जाऊ द्यायची, मग कंदील सोडायचा. विझला तर थांबायचं, तेवत राहिला तरच माणूस उतरतो.

गड्यांनी तोंडावरची माती काढली. कंदील सोडला, विझला. सर म्हणाले, "तोवर मी माझा निबंध वाचतो."

भाभी म्हणाल्या, "वाचा, वाचा. आतली घाण जायला लय वेळ लागतो."

सर व्युत्पत्तीत शिरले ते बाहेर येईनात. तिन्हीसांज झाली. भाभी उठल्या, गड्यांना म्हणाल्या, "बंद करा. दिवेलागणीला हळद घराबाहेर जात नसती."

सलीम ओरडला, "अम्मी, ते त्यांच्यात असतं! आपल्यात न्हाई!"

"हळद काय आपल्यात-त्यांच्यात बघून पिकती व्हय रं?"

पेव पुन्हा मातीनं बंद!

\*

दुसऱ्या दिवशी सलीम पहाटेच आला. परसात मुरमाचा डंपर उभा केला, पेव उघडलं. दुपारी कंदील सोडला, तो तेवत राहिला. गडी म्हणाले, जेवून येतो. पोराला दम कुठला! स्वतःच कमरेला दोर बांधला. दोराचं दुसरं टोक जांभळीच्या बुंध्याला, गाठ भाभींच्या हातची. आम्ही तिघांनी त्याला सोडला.

सर वाकून विचारतात, "सलीम, आत काही कोरलेलं आहे का रे?"

खालून आवाज आला, "अम्मी, लय गार हाय गं हितं! घ्या वर!"

सरांनी आणि बापूंनी दोराला हात घातला. भाभींनी दोघांचे हात बाजूला सारले. ऐसपैस मांडी घालून काठावर बसल्या, डंपरवाल्याला हातानं जवळ बोलावलं आणि खाली तोंड करून म्हणाल्या,

"सांग बाळा. आधी दोर वडू, का मुरूम वतू?"